बाबांच्या ड्रिल मशीनची मोटर स्टारवरून डेल्टावर आणली, त्याची गोष्ट

स्टार आणि डेल्टा म्हणजे थ्री फेज मोटरच्या आतल्या कॉइल जोडायच्या दोन पद्धती. मोटरच्या डब्यातल्या पितळी पत्त्या आडव्याच्या उभ्या करायच्या, काम एवढंच होतं. पाच मिनिटांचं. पण त्या पाच मिनिटांपर्यंत पोचायला मला १० नोव्हेंबर २०२४ ते १८ जानेवारी २०२५ एवढा वेळ लागला आणि मधे एकदा मी अशी चूक केली की रात्रभर झोप लागली नाही. मी बँकेत आहे, इलेक्ट्रिकलचं शिक्षण काहीच नाही, त्यामुळे ज्यांच्या घरात असंच वडिलांचं नाहीतर सासऱ्यांचं थ्री फेज मशीन येऊन पडलंय आणि पुढं काय करायचं ते कळत नाहीये त्यांच्यासाठी सगळं तारखेवार लिहितेय.

कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात बाबांचं छोटं वर्कशॉप होतं. फ्लँजना भोकं पाडून देणं, टॅपिंग, असली जॉबवर्कची कामं. आई गेल्यावर शटर ओढलं ते चार वर्षं बंदच, आणि २०२४ च्या दिवाळीनंतर त्यांना आम्ही कायमचं पुण्याला आणलं. बाकी सगळं विकलं, पण पिलर ड्रिल, म्हणजे खांबावर बसवलेलं उभं ड्रिल मशीन, द्यायला ते तयार होईनात. म्हणाले, "हे ऱ्हाऊ दे. हातात कायतरी पायजे की नको?" मग १० तारखेच्या रविवारी टेंपोने ड्रिल धायरीला आमच्या रो-हाउसच्या पार्किंगमध्ये आलं. टेंपो आणि हमाली मिळून ६,००० रुपये. घरात सिंगल फेज आणि मशीनची १ एचपीची मोटर थ्री फेज, हे मला माहीत होतं, पण मला वाटत होतं की अर्ज केला की आठवड्याभरात मीटर बदलून मिळतो.

तर तसं नसतं. १४ नोव्हेंबरला वीज ऑफिसात गेले तर निम्मा स्टाफ निवडणुकीच्या ड्युटीवर, २० ला मतदान होतं ना. काउंटरवरच्या बाईंनी नीट समजावलं की अर्ज ऑनलाइन भरा, शेवटचं बिल, आधार, इंडेक्स टू आणि लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट जोडा, मग माणूस बघायला येईल, मग कोटेशन निघेल. १५ ला रात्री बसून भरलं, पीडीएफची साइज जास्त म्हणून दोनदा रिजेक्ट झालं. २८ ला माणूस आला आणि दोन मिनिटांत म्हणाला मॅडम तुमच्या घरात येणारी केबलच दोन कोअरची आहे, म्हणजे आत दोनच वायरी, थ्री फेजला वीज कंपनीच्या पिलर बॉक्सपासून नवीन चार कोअर केबल टाकावी लागेल, म्हणजे सोसायटीचे पेव्हर ब्लॉक उकरायचे, म्हणजे सोसायटीची एनओसी. सोसायटीची मीटिंग जानेवारीत. शिवाय थ्री फेज घेतलं की दर महिन्याचा स्थिर आकार सिंगल फेजपेक्षा बराच जास्त लागतो, मशीन चालवा नाहीतर नका चालवू. बाबा आठवड्यातून दोनदा अर्धा तास मशीन चालवणार, त्यासाठी एवढं पटेना, म्हणून अर्ज मागे घेतला. यात दोष कुणाचाच नाही, पण तीन आठवडे गेले ते गेलेच. तुम्ही अर्ज करणार असाल तर आधी मीटरपाशी जाऊन आपल्या घरात येणारी केबल किती कोअरची आहे आणि पिलर किती लांब आहे एवढं बघून घ्या.

३० नोव्हेंबरला एका रिवायंडिंगच्या दुकानात मोटरचा फोटो दाखवला. ते म्हणाले सिंगल फेजला चालवायची तर सगळी वायंडिंग काढून नव्याने भरावी लागेल, ४,५०० रुपये, वर कपॅसिटर वेगळा. मी जवळजवळ हो म्हणूनच घरी आले. बाबांना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "नेमप्लेट वाचलीस काय?"

नेमप्लेट वाचलीच नव्हती. वाचण्यासारखी नव्हतीच, दर दोन-चार वर्षांनी मशीनला हिरवा ऑइल पेंट मारताना प्लेटवरूनही ब्रश फिरलेला, तीन तरी थर असतील. थिनर आणि जुना टूथब्रश घेऊन बसले. पेंट मऊ झाला की चिंधीने पुसायचा, परत थिनर, खरवडायचं अजिबात नाही नाहीतर अक्षरं जातात. पाऊण तासाने एकेक आकडा वर आला. १ एचपी, ०.७५ किलोवॅट, ५० हर्ट्झ, १४१५ आरपीएम. त्याखाली व्होल्ट २४०/४१५, अँपिअर ३.२/१.८५, आणि शेजारी छोटा त्रिकोण, तिरकी रेघ, आणि वाय. ते बघून बाबांचा चेहराच बदलला. त्यांना आता बारीक दिसत नाही म्हणून मी वाचून दाखवत होते, आणि त्रिकोण म्हटल्याबरोबर ते म्हणाले, "झालं की मग. भरायची गरजच न्हाई."

त्यांनी समजावलं तसंच सांगते. त्रिकोण म्हणजे डेल्टा, वाय म्हणजे स्टार. मोटरच्या आत तीन कॉइल आहेत, प्रत्येक कॉइल २४० व्होल्टची. तिन्हींची एकेक टोकं एकत्र बांधली की तो स्टार, त्यात दोन लाइनच्या मधे दोन कॉइल येतात म्हणून वरून ४१५ दिले तरी प्रत्येकीला २४० च मिळतात. डेल्टात एकीचं शेपूट दुसरीच्या तोंडाला असा गोल बांधतात, मग दोन लाइनच्या मधे एकच कॉइल, म्हणून २४० च द्यायचे. मोटर तीच, वायंडिंग तीच, जोडणी वेगळी. उद्यमनगरात ४१५ ची लाइन होती म्हणून ती आयुष्यभर स्टारवर चालली.

पण घरात २३० असले तरी ते सिंगल फेज. तो तिढा माझ्या आतेभावाने सोडवला, तो भोसरीत एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. रविवारी आला आणि म्हणाला, "मामा, व्हीएफडी लावू, मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक डबा असतो तो. आत सिंगल फेज २३० घालायचे, बाहेर थ्री फेज २३० मिळतात. फक्त मोटर डेल्टाला पाहिजे, कारण साधी व्हीएफडी आत जेवढे व्होल्ट घेते त्याहून जास्त बाहेर देत नाही." स्टारवरच ठेवून लावली असती तर प्रत्येक कॉइलला जेमतेम १३३ व्होल्ट मिळाले असते आणि मोटरची ताकद तिसरा हिस्सा झाली असती, ड्रिल लोखंडाला टेकवलं की चक थांबणार. आणि याच्या उलट, जी जास्त धोक्याची गोष्ट आहे, डेल्टावर केलेली मोटर कुणी नंतर ४१५ च्या लाइनला लावली तर २४० च्या कॉइलवर ४१५ येतात आणि मोटर काही मिनिटांत जळते. हे वाक्य बाबांनी तीनदा म्हटलं.

इथेच एक सांगून ठेवते. आपल्याकडे साधारण २ एचपीपर्यंतच्या मोटरी ४१५ ला स्टार असतात, ३ एचपी आणि वरच्या बहुतेक ४१५ लाच डेल्टा असतात. म्हणजे मोठ्या मोटरची कॉइलच ४१५ ची, तिला २३० ची व्हीएफडी लावून हे जमणार नाही. म्हणून नेमप्लेट आधी, बाकी सगळं नंतर.

७ डिसेंबर, शनिवार. मशीनला तेव्हा लाइनच नव्हती, चार वायरी नुसत्या लोंबकळत होत्या, त्यामुळे शॉकची भीती नव्हती. झाकणाचे चारही स्क्रू गंजलेले, डब्ल्यूडी-४० मारून अर्धा तास थांबले. झाकण निघालं आणि जुन्या वार्निशचा, जळकट गोडसर असा वास आला, वर्कशॉपमध्ये लहानपणी यायचा तोच. आत बघते तर टर्मिनल प्लेट, म्हणजे जिच्या स्टडना (पितळी बोल्टना) वायरी जोडतात ती पट्टी, मधोमध तडकलेली. सहा लीड, म्हणजे कॉइलची बाहेर आलेली टोकं. तीन लीड प्लेटच्या स्टडला लाइनच्या वायरींसोबत, आणि उरलेल्या तीन पीळ देऊन एकत्र बांधून त्यावर काळ्या टेपचा गोळा. पूर्वी कुणीतरी प्लेट तडकल्यावर पत्ती काढून टाकून असं भागवलेलं. लीडवर नंबरांच्या ज्या बारीक नळ्या असतात त्या एकाही लीडवर नव्हत्या.

आता माझी चूक. फोटो काढला, पण टॉर्चच्या उजेडात, आणि तो हललेला आला हे मी बघितलंच नाही. टेप चिकट झाली होती म्हणून सोडली, पीळ उलगडला, स्टडवरच्या तिन्ही काढल्या, सगळ्या सहा लीड थिनरने स्वच्छ पुसून सरळ केल्या. कामाला लागल्याचा आनंद होता. बाबा खुर्चीवर बसलेले, त्यांनी विचारलं, "स्टारच्या कुठल्या तीन हुत्या गं?"

मला उत्तर देता येईना. सहाही सारख्याच दिसत होत्या.

ही चूक कुणी करू नये म्हणून जरा सविस्तर सांगते. मोटर स्टारवर नीट चालत होती, याचा अर्थ त्या टेपच्या गोळ्यातल्या तिन्ही लीड एकाच बाजूच्या होत्या, तिन्ही शेपटं समजा, आणि लाइनच्या तिन्ही तोंडं. उलगडण्याआधी गोळ्यातल्या तिघींना नुसती लाल टेप गुंडाळली असती तरी अर्धं काम झालं असतं, मग मीटरने कुठलं तोंड कुठल्या शेपटाचं एवढं शोधलं की संपलं. मी ती खूण स्वतःच्या हाताने पुसली होती. आणि एक कॉइल जरी उलटी जोडली गेली तर मोटर नुसती घूं करून थरथरते, करंट भलताच ओढते आणि तापत जाते. बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "असू दे. उद्या टॉर्चातलं सेल काढून ठेव, आणि माझा काट्याचा मीटर घे."

८ तारखेला सकाळी आधी जोड्या शोधल्या. डिजिटल मीटर ओहमवर, एक प्रोब एका लीडला, दुसरा बाकीच्या पाचांना एकेक करून. जिथे आकडा येतो ती त्याच कॉइलची दुसरी बाजू. तीन जोड्या मिळाल्या, १०.६, १०.७, १०.६ ओहम. तिन्ही सारख्या आल्या म्हणजे कॉइल आतून शाबूत. एखादी बरीच कमी आली असती तर पुढे जाण्यात अर्थ नव्हता. मग प्रत्येक कॉइल आणि मोटरच्या बॉडीत बघितलं, काहीच आकडा नाही, तसंच हवं. जोड्यांना लाल, पिवळी, निळी टेप.

मग तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं. लाल जोडीतली कुठलीही एक लीड मी तोंड ठरवली, पहिली कॉइल आपल्या मर्जीने ठरवता येते. टॉर्चचे दोन सेल एकापुढे एक टेपने बांधले, ३ व्होल्ट. काट्याचा मीटर डीसीच्या सगळ्यात खालच्या रेंजवर ठेवून पिवळ्या जोडीला लावला, लाल प्रोब एका लीडला, काळा दुसरीला. आता सेलचं मायनस लालच्या शेपटाला धरून प्लस लालच्या तोंडाला नुसतं टेकवायचं आणि काट्याकडे बघायचं. टेकवताना काटा मागे, म्हणजे शून्याच्या डावीकडे, दबला आणि सोडताना पुढे उडाला तर पिवळीवर लाल प्रोब जिथे आहे ते तोंड. उलट झालं, म्हणजे टेकवताना पुढे उडाला, तर लाल प्रोब शेपटावर आहे. वाचून उलटं वाटतं, पण तिन्ही कॉइल आत १२० अंशांवर बसवलेल्या असतात म्हणून एकीत करंट वाढला की दुसरीत तो उलट दिशेने उमटतो.

माझा हात थरथरत होता म्हणून पहिल्या दोन-तीन वेळा काटा नुसताच फडफडला. बाबांनी मोटरच्या शाफ्टवर हात ठेवून तो हलू नये असा धरला, शाफ्ट फिरला तर काटा खोटं दाखवतो. मग नीट जमलं. टेकव, काटा डावीकडच्या खिळ्याला चिकटतो. सोड, टचकन पुढे येऊन परत. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. तसंच निळीचं. मग खात्री म्हणून सेल पिवळीला लावून मीटर निळीवर, तेही जुळलं. एकच गोष्ट सांभाळा, सेल सोडताना लीडच्या उघड्या टोकाला बोट नको, ३ व्होल्टच असले तरी कॉइल सोडताना जोराचा झटका देते. मला एकदा बसला, दुखापत काही नाही, पण मीटर हातातून पडला.

सहाही लीडवर लगेच नंबर घातले आणि या वेळी फोटो उजेडात काढले, चार बाजूंनी. नव्या प्लेटवर यू१ व्ही१ डब्ल्यू१ आणि यू२ व्ही२ डब्ल्यू२ असे नंबर येतात, बाबांच्या सवयीत ए१ ए२, बी१ बी२, सी१ सी२. अर्थ एकच, १ म्हणजे तोंड, २ म्हणजे शेपूट.

आता खरं तर जोडून मोकळं व्हावं असं मला वाटत होतं. पण १४ डिसेंबरला लायसन्स असलेले वायरमन पॉइंट बघायला आले, त्यांच्याकडे ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, होता, त्यांनी वायंडिंग आणि बॉडीत लावला तर ०.८ मेगाओहम. साधा मीटर काहीच दाखवत नव्हता तिथे मेगरने ओल पकडली, कारण मेगर ५०० व्होल्ट देऊन बघतो. ते म्हणाले १ च्या खाली असताना लाइन द्यायचीच नाही, चांगल्या सुक्या मोटरला दहापट, शंभरपट येतं. चार पावसाळे बंद शटरमागे, ओल धरणारच. मेगर काढल्यावर त्यांनी वायंडिंग बॉडीला टेकवून डिस्चार्ज केली, तीही सवय हवी, नाहीतर लगेच हात लावला तर झटका बसतो.

मोटर खोललेलीच होती म्हणून १६ ते २० डिसेंबर दुसऱ्या एका रिवायंडिंगवाल्यांकडे ठेवून दोन्ही बेअरिंग बदलून घेतली, ६२०४, सामान आणि मजुरी ७०० रुपये. त्यांनी वायंडिंग बघून सांगितलं की वार्निश चांगलं आहे, कुठे काळं पडलेलं नाही, नुसती सुकवा. मग २१ आणि २२ ला पार्किंगमध्ये पत्र्याच्या मोठ्या डब्यात मोटर ठेवून दोन बाजूंना १०० वॅटचे दोन जुने पिवळे बल्ब, मोटरला न टेकता. झाकण चार बोटं उघडं, वाफ बाहेर जायला पाहिजे. आत कापड, पुठ्ठा काहीही नाही. दिवसाच, कुणीतरी समोर असतानाच, बाबा पेपर घेऊन तिथेच बसले होते. पहिल्या दिवशी संध्याकाळी गरम असताना मेगर लावला तर ०.४, कमीच झालेलं! मला वाटलं वायंडिंग गेली. वायरमन म्हणाले असंच होतं, तापल्यावर आधी उतरतं, ओल निघून गेली की चढतं, धीर धरा. २३ ला सकाळी थंड मोटरवर ६० मेगाओहम. मी ऑफिसला जायच्या कपड्यांत पार्किंगमध्ये उभी होते, डोळ्यांत पाणी आलं.

सामान बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत घेतलं. सहा स्टडची टर्मिनल प्लेट पत्त्यांसकट, रिंग लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या रिंगा) आणि फायबर स्लीव्ह मिळून २६० रुपये. प्लेट नेताना जुनी सोबत न्या, स्टडमधलं अंतर जुळायला हवं. व्हीएफडी ४ जानेवारीला मिळाली, १ एचपी, सिंगल फेज इनपुट, ७,४०० अधिक जीएसटी, एकूण ८,७३२. घेताना आउटपुट करंट बघा, माझ्या मोटरला डेल्टात ३.२ अँपिअर लागतात, व्हीएफडीचा आकडा त्याहून जास्त हवा.

५ जानेवारीच्या रविवारी जोडणी. लीडला लग क्रिंप केले, प्रत्येक लग ओढून बघितला. प्लेटवर खालच्या रांगेत यू१, व्ही१, डब्ल्यू१. वरच्या रांगेत सरळ यू२, व्ही२, डब्ल्यू२ येत नाहीत, तिथे डब्ल्यू२, यू२, व्ही२ असा क्रम असतो आणि तो मुद्दाम असतो. वरच्या तिघी आडव्या पत्तीने जोडल्या की स्टार. पत्त्या उभ्या लावल्या की यू१ खाली आणि डब्ल्यू२ वर, व्ही१ वर यू२, डब्ल्यू१ वर व्ही२, आपोआप डेल्टा. क्रम चुकवून यू१ च्या डोक्यावर यू२ ठेवलं तर प्रत्येक कॉइल स्वतःशीच शॉर्ट होईल. बाबांनी मला हे बोटाने गिरवायला लावलं, यू१ मधून आत, यू२ ला बाहेर, पत्तीवरून खाली व्ही१, आत, व्ही२, पत्तीवरून डब्ल्यू१, आत, डब्ल्यू२, पत्तीवरून परत यू१. गोल पूर्ण झाला की बरोबर. नट घट्ट, पण पितळी स्टड आहे, जोर लावून पीळ तुटू द्यायचा नाही. मग झाकण लावायच्या आधी मीटर, यू१-व्ही१, व्ही१-डब्ल्यू१, डब्ल्यू१-यू१, तिन्हीकडे ७.१ च्या आसपास. १०.६ च्या दोन तृतीयांश, म्हणजे डेल्टाच.

घरातली फिक्स वायरिंग मी केली नाही आणि तुम्हीही करू नका. मीटरपासून पार्किंगपर्यंत वेगळी लाइन, २.५ स्क्वेअरची वायर, १६ अँपिअरची एमसीबी, नीट अर्थिंग, हे ११ जानेवारीला वायरमननी केलं. त्याच दिवशी व्हीएफडी चालू केली की घरातली आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थला गळला की लाइन तोडणारा स्विच, पडायची. दुसरं कुणी म्हणेल की बायपास करा, आमच्या वायरमननी तो विषयच काढला नाही. व्हीएफडीच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थला जातोच, त्यात घरातल्या बाकीच्या वस्तूंचा मिळून ३० मिलिअँपिअरची मर्यादा ओलांडत होती. मॅन्युअलमध्ये जो प्रकार सांगितला होता त्या प्रकारची वेगळी आरसीसीबी या लाइनला लावली, मग नाही पडली. सामान धरून त्यांचे ४,१५० झाले. संक्रांतीमुळे ते मधे आले नाहीत, १६ ला येऊन पुरं केलं.

मशीनवरचा जुना स्टार्टर काढावा लागला. व्हीएफडी आणि मोटरच्या मधे स्विच किंवा स्टार्टर ठेवायचा नसतो, चालू असताना तो उघडला तर व्हीएफडी जाऊ शकते. पण बाबांचा अंगठा त्या हिरव्या बटनावर इतकी वर्षं बसलेला, म्हणून आतेभावाने स्टार्टरची आतली यंत्रणा काढून नुसती हिरवी आणि लाल बटनं ठेवली आणि ती व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलला थ्री वायर पद्धतीने जोडली. यात मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे लाइट जाऊन परत आली तरी मशीन आपोआप सुरू होत नाही, परत हिरवं बटन दाबावंच लागतं. बाबांचा हात चकजवळ असताना धायरीत लाइट जाणार नाही असं कोण सांगणार! शिवाय २२० रुपयांचं मोठं लाल इमर्जन्सी बटन, मांडीच्या उंचीवर.

पॅरामीटरमध्ये मोटरचे व्होल्ट २३०, करंट ३.२, ५० हर्ट्झ, सुरू व्हायला ५ सेकंद, आणि खालची मर्यादा २५ हर्ट्झ. अगदी हळू फिरवत बसलं तर मोटरच्या शाफ्टवरचाच पंखा हळू होतो आणि मोटर तापते, म्हणून स्पीड कमी करायचा तर आधी बेल्ट पुलीच्या दुसऱ्या खाचेत चढवायचा. मोटरपर्यंतची केबल दीड मीटरच ठेवली, जुन्या इन्सुलेशनला लांब केबल चांगली नाही.

१८ जानेवारी, शनिवार, सकाळी साडेदहा. बेल्ट काढलेला, मोटर मोकळी. माझ्या मुलाला घरात पाठवलं, पायात रबरी चपला. बाबा म्हणाले, "आधी दोनदा बघ, मग दाब." दोनदा बघितलं. दाबलं. एक बारीक शिटीसारखा आवाज आला, तो व्हीएफडीचा असतो, आणि शाफ्ट फिरायला लागला. घूं नाही, थरथर नाही. पण उलटा. बंद केलं, एमसीबी पाडली आणि दहा मिनिटं थांबलो, व्हीएफडीच्या आत कपॅसिटरमध्ये सव्वातीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट साठलेले असतात, डिस्प्ले विझला म्हणजे संपले असं नाही. मीटरने तपासून मोटरकडच्या तीनपैकी दोन वायरी आलटून पालटून लावल्या. परत सुरू केलं तर सरळ. डिस्प्लेवर १.९ अँपिअर. अर्धा तास चालू ठेवली, बॉडीला हात लावला तर कोमट.

मग बेल्ट चढवला, १० मिमीचं ड्रिल, ६ मिमीची पट्टी व्हाइसमध्ये. हँडल बाबांच्या हातात, मी लाल बटनापाशी. २.६ अँपिअरपर्यंत गेलं आणि पट्टीखालून ड्रिल बाहेर आलं. बाबांनी पट्टी काढून भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला, मोठ्या ड्रिलने कड मारून घेतली, परत अंगठा फिरवला.

सगळे मिळून २०,००० च्या थोडं वर गेले, त्यातले ६,००० टेंपोचे.

टर्मिनल बॉक्सच्या झाकणावर आतून आणि बाहेरून दोन्हीकडे पांढऱ्या ऑइल पेंटने लिहिलंय, "डेल्टा. फक्त २३० व्होल्ट व्हीएफडी. ४१५ ला जोडू नये. १८/१/२५". स्टारची आडवी पत्ती छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, बांधून, स्टँडच्या मागे अडकवलीय, उद्या मशीन परत कुठल्या वर्कशॉपला गेलं तर लागेल. बाहेरचं लिहिणं बाबांनी केलं, अक्षर वाकडं आलं म्हणून मी परत करू का विचारलं तर म्हणाले, "नगं, वाचता येतंय न्हवं." नेमप्लेटवर मात्र या वेळी पेंट लागू दिला नाही, मास्किंग टेप लावली होती.